राजगड–तोरणा एका दिवसात: आदल्या संध्याकाळपासून वेल्ह्याच्या एसटीपर्यंत

राजगड ते तोरणा ही धार, म्हणजे दोन गडांना जोडणारा डोंगरकणा, चालताना बहुतेक गट अडकतात ते तोरण्याच्या अंगाला, बुधला माचीखाली (माची म्हणजे गडाचा पसरलेला, तटबंदीचा भाग). तेव्हा दुपारचे तीन-साडेतीन वाजलेले असतात, बाटल्या रिकाम्या असतात आणि समोर सगळ्यात खडा चढ असतो. गडबड मात्र तिथे झालेली नसते. ती सकाळी आठ वाजता राजगडावर झालेली असते, किंवा त्याच्याही आदल्या दिवशी गाडी चुकीच्या गावात लावताना.

म्हणून हा लेख क्रमाने वाचा. गडांचा इतिहास इथे नाही, तो घरी वाचून या. ज्यांनी चार-पाच किल्ले चढले आहेत आणि ज्यांना दिवसभर ऊन खात चालायची सवय आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. पहिलाच ट्रेक असेल तर नुसता राजगड करा, पाली दरवाजाने चढा आणि पाली दरवाजानेच उतरा.

टप्पा १: महिना ठरवा, मग वार

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. त्यापुढे ही धार तव्यासारखी तापते. सावली नाही, पाणी नाही. पावसाळ्यात तर नकोच. राजगड किंवा तोरणा यातला एकेक गड पावसात करणारे खूप आहेत, पण मधली धार धुक्यात हरवते, ढोरवाटा (गुरांच्या वाटा) आणि खरी वाट सारख्याच हिरव्या दिसतात आणि बुधल्याखालचा चढ निसरडा होतो. ऑक्टोबर फसवा महिना आहे. फोटो सुंदर येतात, पण गवत कमरेएवढं असतं, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही आणि दुपारी वीज-गडगडाटासह पाऊस येऊ शकतो.

वार निवडताना शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बारा किल्ले गेले, त्यात राजगडही आहे. सुट्टीच्या दिवशी राजगडाच्या चोर दरवाजाखालच्या अरुंद कातळावर वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वेळी उभे असतात, आणि तिथे गेलेला तास पुढे कुठेही भरून निघत नाही.

टप्पा २: दिशा आणि गाडी

दिशा राजगडाकडून तोरण्याकडे. उलटं करणारे लोक आहेत, आणि त्यांच्याकडे कारणंही आहेत. माझं मत मात्र पक्कं आहे. बुधला माचीखालचा घसारा चढणं कष्टाचं आहे, उतरणं धोक्याचं. शिवाय तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे हे तालुक्याचं गाव आहे. रात्री उशिरा पोहोचलात तरी चहा, जेवण आणि माणसं मिळतात. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात अंधारात उतरलात तर परतीचं वाहन शोधत बसाल.

याचा दुसरा अर्थ असा की ट्रेक जिथे सुरू होतो तिथे तो संपत नाही. स्वतःची गाडी असेल तर ती वेल्ह्यात लावा आणि आदल्या संध्याकाळी जीपने किंवा रिक्षाने गुंजवण्याला जा. गाडी गुंजवण्यात ठेवून ‘संध्याकाळी बघू काहीतरी’ म्हणणारे रात्री आठ वाजता वेल्ह्याच्या चौकात जीपवाल्याशी घासाघीस करताना हमखास दिसतात. त्या वेळी भाव त्याचा असतो.

एसटीने येणाऱ्यांनी स्वारगेटहून वेल्ह्याची गाडी धरावी. पुणे–सातारा रस्त्यावर नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्याला ही गाडी आत वळते. मार्गासनीला उतरायचं, तिथून साखरमार्गे गुंजवणे. मार्गासनी ते गुंजवणे हा तुकडा वाहनाच्या भरवशाचा नाही, म्हणून जिथे मुक्काम करणार त्या घरी आधीच फोन करून गाडीची सोय विचारा.

*तपासा:* वेल्ह्याहून पुण्याकडे शेवटची एसटी किती वाजता सुटते हे निघण्याआधी स्वारगेटच्या चौकशी खिडकीवर विचारा. दोन वर्षांपूर्वी मित्राने सांगितलेली वेळ चालत नाही.

टप्पा ३: मुक्काम गावात करा

राजगडावर पद्मावती देवीच्या देवळात झोपायचं, पहाटे उठून धारेला लागायचं, ही जुनी पद्धत. आज ती गृहीत धरू नका. गडावर मुक्कामाला परवानगी आहे की नाही हे पुरातत्त्व खात्याच्या त्या वेळच्या आदेशावर ठरतं. सगळा बेत त्यावर रचून संध्याकाळी गडावर पोहोचायचं आणि अंधारात खाली उतरायची पाळी आणायची, हा वाईट सौदा आहे.

गुंजवण्यात घरगुती राहायची-जेवायची सोय होते. फोन करताना तीन गोष्टी ठरवा: रात्रीचं जेवण साडेसातला, पहाटे पाचला चहा, आणि सकाळी सोबत न्यायला भाकरी किंवा पोळी-भाजी बांधून. ‘किती जण’ हा आकडा पक्का सांगा आणि तो पाळा. दहा सांगून सहा जाणाऱ्यांमुळे पुढच्या गटाला नीट उत्तरं मिळत नाहीत.

रात्री गावात पोहोचल्यावर घरातल्या मोठ्या माणसाला एकदा विचारा: ‘काका, धारेला सध्या वणवा लागलाय का? मोहोळं कुठं बसलीत?’ नकाशात हे दोन्ही नसतं. आणि गटातल्या कुणीच ही धार आधी केली नसेल तर त्याच घरी वाटाड्याची चौकशी करा. पैसे आधी बोलून घ्या. वाटाड्या धारेवरून परत गुंजवण्याला येणार की वेल्ह्यात उतरून गाडीने, आणि गाडीभाडं कुणाचं, हेही त्याच वेळी.

टप्पा ४: पाय तयार आहेत का?

ट्रेकच्या दोन आठवडे आधी सिंहगड पायथ्यापासून चढा, पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन. मुंबईकरांनी पेब किंवा कर्नाळा. वर पोहोचायला सव्वा तासापेक्षा जास्त लागला तरी हरकत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना होते. गुडघा बोलत असेल तर महिनाभर थांबा. राजगड–तोरण्यात शेवटचे दोन तास उतार आहे, आणि तो थकलेल्या गुडघ्यांवर येतो.

बूट जुने हवेत, पण तळ घासलेला नको. नवे बूट घालून आलेल्याच्या टाचेला राजगडाच्या आळू दरवाजापर्यंतच फोड येतो. बोटापुढे अर्धा अंगठा जागा आहे ना ते उतारावर चालून बघा, दुकानात उभं राहून नव्हे.

पायाची नखं दोन दिवस आधी कापा. हे क्षुल्लक वाटतं. तोरण्याच्या उतरणीवर प्रत्येक पावलाला बोट बुटाच्या टोकावर आदळतं. वाढलेलं नख आधी दुखतं, मग काळंनिळं होतं आणि काही आठवड्यांनी गळून पडतं. आदल्या रात्री कापू नका, कारण चुकून खोल कापलं तर ते भरायला वेळ हवा. मोजे दोन जोड्या: एक पायात, एक सॅकमध्ये वरच्या कप्प्यात. धारेच्या मध्ये लागणाऱ्या डांबरी रस्त्याला पोहोचलात की मोजे बदला, तेवढ्याने पुढचे चार तास सुसह्य होतात.

टप्पा ५: सॅक आणि पाणी

माणशी चार लिटर पाणी. यात तडजोड नाही. राजगडाच्या पद्मावती माचीवर टाक्यांचं पाणी आहे, पुढे तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळाच्या परिसरात आहे. मधल्या सहा-सात तासांत भरवशाचं पाणी नाही. वाटेत एखादं घर लागतं, कधी ताकही मिळतं. मिळालं तर आनंद, पण ते धरून बाटली कमी घेऊ नका. त्या घरातल्या बाईनेही ते पाणी डोक्यावरून आणलेलं असतं.

चार लिटर भरायची रीत अशी. एक-एक लिटरच्या चार बाटल्या घ्या, दोन-दोन लिटरच्या दोन नकोत. एक फुटली तर निम्मं पाणी जातं. चौथ्या बाटलीच्या झाकणाला चिकटपट्टी लावा. ती बुधल्याखालीच उघडायची. पट्टी आधी निघाली तर गटातल्या सगळ्यांना कळतं की हिशेब चुकतोय, आणि तेव्हा अजून काही करता येतं. ओआरएसची दोन पाकिटं वेगळी ठेवा आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतून प्यायल्याने तहान वाढते.

खाणं: धपाटे, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, खजूर, दोन संत्री. फरसाण आणि वेफर्स नकोत, मीठ-तिखटाने पाणी संपतं. चूल पेटवायचा विचार सोडा. सुक्या गवतात एक ठिणगी पुरते.

बाकीचं थोडक्यात. हेडटॉर्च प्रत्येकाला, गटाला एक असं नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, रुमाल. क्रेप बँडेज, फोडांसाठी पट्टी, स्वतःची नेहमीची औषधं. शिट्टी. गटात मिळून वीस मीटरचा एक दोर, आणि तो वापरता येणारा एक माणूस. तो माणूस नसेल तर दोर घरी ठेवा, उगाच दोन किलोचं ओझं.

मोबाइलवर धारेचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. डोंगरात रेंज शोधता शोधता बॅटरी दुपारीच मरते.

*तपासा:* घरच्या एका माणसाला लेखी निरोप पाठवा: कोण-कोण आहोत, कुठून कुठे, आणि ‘रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळव’. तोंडी सांगितलेलं ऐन वेळी आठवत नाही.

टप्पा ६: साडेपाच ते आठ, गुंजवणे ते पद्मावती

साडेपाचला चालायला लागा. साडेपाचला उठायला नव्हे. गावामागून वाट आधी मोकळ्यातून आणि मग झाडीतून सोंडेवर चढते, मळलेली आहे, टॉर्चच्या उजेडात चुकत नाही. सात-सव्वासातला, उजाडल्यावर, कातळाचा टप्पा येतो. क्रम मुद्दाम असा लावला आहे: सोपी वाट अंधारात, अवघड उजेडात.

कातळावर रेलिंग आहे. त्याला लटकू नका. हात आधाराला, वजन पायांवर. एका वेळी एकच माणूस, वरचा सुरक्षित उभा राहिल्यावर खालच्याने निघायचं. काठी या टप्प्याआधी घडी करून सॅकला बांधा. चोर दरवाजातून वाकून आत शिरताना सॅक वर अडकते आणि माणूस मागे ओढला जातो, म्हणून सॅकचे वरचे पट्टे आवळून घ्या.

टप्पा ७: बालेकिल्ला आज नाही

या लेखातली सगळ्यात न पाळली जाणारी सूचना हीच.

आठला पद्मावती माचीवर पोहोचता. देवळासमोर बसून नाश्ता करा, बाटल्या भरा. टाक्याचं पाणी गाळून आणि शुद्धीकरणाची गोळी टाकूनच; गोळीच्या पाकिटावर दिलेला वेळ थांबायचं. साडेआठला उठा. बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी वाटा फुटतात: डावीकडे सुवेळा माची, उजवीकडे संजीवनी, आणि डोक्यावर बालेकिल्ला. कुणीतरी म्हणतोच, ‘एवढं आलोय तर वर जाऊन येऊ, अर्धा तास.’ तो अर्धा तास नसतो. खडा कातळ, दरवाजात गर्दी, वर फोटो, खाली उतरताना पुन्हा रांग. दीड-दोन तास गेले. नेढ्याचंही (कातळातलं आरपार भोक) तसंच. ज्यांना राजगड पाहायचा आहे त्यांनी त्यासाठी पूर्ण दिवस वेगळा काढावा. जोड ट्रेक हा दोन्ही गड पाहण्याचा प्रकार नाही, दोघांमधली धार चालण्याचा आहे. गटाला हे आदल्या रात्री जेवताना सांगा, म्हणजे सकाळी वाद होत नाही.

उजवीकडे वळा. संजीवनी माची लांबलचक आहे, अडीच किलोमीटरच्या आसपास. दुहेरी तटाच्या मधल्या बोळांत उतरून फिरण्याचा मोह आवरा. आळू दरवाजा आला की बाहेर.

*वेळेची खूण:* आळू दरवाजा साडेनऊपर्यंत. दहा वाजून गेले असतील तर तोरणा विसरा, निवांत राजगड पाहा आणि पाली दरवाजाने उतरा. हा फसलेला ट्रेक नाही.

टप्पा ८: धार

आळू दरवाजातून बाहेर पडल्यावर तट सोबतीला ठेवून माचीच्या टोकाखाली यायचं आणि तिथून सोंड धरून उतरायचं. या उतारावर मुरूम आहे, बारीक खडी पायाखालून सरकते. पाय आडवा टाका, टाच रुतवा, आणि दोन माणसांत एवढं अंतर ठेवा की वरच्याने सोडलेला दगड खालच्याच्या डोक्यात जाणार नाही. दगड सुटलाच तर ‘दगड!’ असं मोठ्याने ओरडायचं. खाली असलेल्याने वर बघायचं नाही, सॅक डोक्यावर घेऊन उताराला चिकटायचं.

पुढे वाट चुकायचं एकच मोठं कारण: ढोरवाटा. गुरं टेकाडावर चढत नाहीत, बगल देतात. त्यामुळे प्रत्येक उंचवट्यापाशी वाट फुटते आणि खालून आडवी जाणारी वाट जास्त रुंद, जास्त मळलेली, जास्त सोयीची दिसते. ती पाच-दहा मिनिटं बरोबर जाते आणि मग हळूच दरीत उतरायला लागते.

दिशा तपासायची पद्धत सोपी आहे. तोंड तोरण्याकडे असताना डाव्या हाताला, दक्षिणेला, भाटघर धरणाचं पाणी. उजव्या हाताला गुंजवणी आणि वेल्ह्याकडचं खोरं. धारेवर असाल तर थोड्या-थोड्या वेळाने दोन्ही बाजू दिसतात. सलग दहा मिनिटं एकच बाजू दिसते आहे आणि वाट उतरते आहे, म्हणजे चुकलात. परत फिरा आणि शेवटच्या माहीत असलेल्या जागेपर्यंत जा. ‘इथूनच वर घुसू’ म्हणून कारवीच्या झुडपांत शिरलात तर शंभर मीटरला अर्धा तास लागेल आणि हातपाय ओरबाडले जातील ते वेगळंच.

गटाचा नियम: सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला, सगळ्यात मागे दमाचा आणि डोकं शांत असलेला. सगळ्यात हळू चालणारा पुढून दुसरा. त्याला मागे टाकलं की पुढचे बसून वाट बघतात, तो धापा टाकत येतो, आणि तो आला की बाकीचे उठतात. दमलेल्यालाच विश्रांती मिळत नाही. प्रत्येक फाट्यावर मागचा माणूस दिसेपर्यंत थांबायचं.

सावधान, मोहोळ: कड्याच्या पोटात काळी पोळी लोंबताना दिसली की आवाज बंद, विडी-सिगारेट बंद, आणि ड्रोन तर काढूच नका. अत्तर आणि सुगंधी स्प्रे सकाळपासूनच नको. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. डोकं-तोंड कपड्याने झाका आणि त्या जागेपासून दूर सरका, पण कड्याच्या धारेकडे नव्हे. काटे नखाने खरवडून काढा. खूप डंख झाले, ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर ट्रेक तिथेच संपला. १०८ ला फोन आणि दवाखाना.

टप्पा ९: डांबरी रस्ता, म्हणजे निर्णयाची जागा

धार ओलांडून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता मध्ये लागतो. पावणेअकरा-अकराला इथे असायला हवं. बूट काढा, मोजे बदला, धपाटा खा, आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: किती पाणी उरलंय? शेवटची लघवी कधी झाली आणि रंग कसा होता? पायात गोळे येताहेत का?

दोन लिटरहून कमी पाणी असेल, लघवी गडद पिवळी असेल, किंवा कुणी चेष्टेलाही उत्तर देईनासा झाला असेल, तर त्याला इथून गाडीने वेल्ह्याला पाठवा, सोबत एक जण देऊन. त्यासाठी जीपवाल्याचा नंबर आदल्या दिवशीच घेतलेला हवा. ही धार सोडून गाडीने निघायची शेवटची सोपी जागा हीच.

साडेबारा वाजले असतील तर सगळ्यांनीच उतरा.

टप्पा १०: बुधला माची

रस्त्यापासून बुधल्याच्या पायथ्यापर्यंत दोन-अडीच तास. चढउतार सतत, ऊन डोक्यावर. इथे वीस मिनिटांची एक बैठक घ्या, चौथ्या बाटलीची पट्टी काढा. बसल्या-बसल्या चढ नीट बघून घ्या: वाट कुठे वळते, लोखंडी शिडी कुठे आहे, गवताचा निसरडा पट्टा कुठे आहे.

चढताना गवताच्या झुबक्याला धरू नका; जानेवारीनंतर तो मुळासकट हातात येतो. कातळ धरण्याआधी तळहाताने थोपटा, पोकळ आवाज आला तर दुसरा धरा. शिडीवर एकाच माणसाचं वजन, आणि पाय टाकण्याआधी ती हलवून बघायची. दरीची भीती वाटणाऱ्याला मध्ये घ्या: एक पुढे, एक मागे, आणि मागच्याने तोंडाने पाय कुठे ठेवायचा ते सांगत राहायचं. घाबरलेल्याला ‘खाली बघू नको’ म्हटलं की तो खालीच बघतो. ‘उजवा पाय गुडघ्याएवढ्या उंचीवर, खोबण आहे’ असं सांगा.

*वेळेची खूण:* बुधल्याखालून निघायची शेवटची वेळ दुपारचे दोन.

टप्पा ११: मेंगाईचं देऊळ ते वेल्हे

माचीवर आलात की चढ संपला, पण पाय गळालेले असतात आणि मन सैल पडतं. मेंगाई देवीच्या देवळाशी तीन-साडेतीनला पोहोचा. पाणी भरा, उरलेलं खा, बुटाच्या नाड्या घोट्याशी घट्ट बांधा म्हणजे पाय पुढे सरकणार नाही. झुंजार माचीचा रस्ता आज धरू नका. चारला कोठी दरवाजाकडे निघा.

कोठी दरवाजा, बिनी दरवाजा, आणि मग रेलिंगचे कातळटप्पे. अवघड जागी तोंड डोंगराकडे, पाठ दरीकडे, शिडी उतरल्यासारखं. पळत उतरणारी पोरं बाजूने जातील, जाऊ द्या. अंधार पडायच्या बेतात असेल तर टॉर्च रेलिंग संपण्याआधीच डोक्याला लावा. अंधार पडल्यावर सॅक उघडून टॉर्च शोधणं, तेही कातळावर उभं राहून, हे करू नका.

सोंडेवर आलात की वेल्ह्याचे दिवे समोर दिसतात आणि गाव पंधरा मिनिटांवर वाटतं. ते तासभर दूर आहे. शेवटच्या घोटभर पाण्याचा हिशेब त्या तासाने करा.

गावात पोहोचल्यावर पहिलं काम घरी फोन, चहा नंतर. गाडी चालवणाऱ्याने जेवून अर्धा तास बसावं, किंवा वेल्ह्यातच राहून सकाळी निघावं. आणि ज्या घरी राहिलात त्या गुंजवण्याच्या काकांनाही फोन करा. सकाळी त्यांनी तुम्हाला धारेकडे जाताना पाहिलेलं असतं.